मोटरसायकल शर्यती पेपरात फक्त कुणी गेल्यावरच का येतात?

पाचवा गियर (सोमवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी,

काल कपाट आवरताना एक कात्रण सापडलं. जून २०२२ चं. सिंगल कॉलम, मोजून अकरा ओळी. मथळा 'मोटरसायकल शर्यतीत स्पर्धक ठार'. खाली आइल ऑफ मॅन टीटीमधल्या (त्या बेटावरचे रोजचे रस्ते बंद करून होणाऱ्या शर्यती) साइडकारच्या अपघाताची बातमी आणि मृताचं नाव सेझार शनाल. त्या नावावर निळ्या बॉलपेनची काट आहे आणि समासात माझ्याच अक्षरात लिहिलंय, 'ओलिव्हिए लाव्होरेल'.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ४ जूनच्या त्या अपघातात साइडकारवरच्या दोघांपैकी एक जण गेला, दुसरा अत्यवस्थ होता. आयोजकांनी शनाल गेल्याचं जाहीर केलं. ८ तारखेला त्यांनीच सांगितलं की ओळख पटवण्यात चूक झाली, गेला तो लाव्होरेल आणि शनाल रुग्णालयात आहे. (पुढे ऑक्टोबरमध्ये तोही गेला.) मी त्यानंतर आठवडाभर रोज पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळला. दुरुस्ती काही आली नाही. शेवटी मीच पेन घेतलं.

करोनात २०२० आणि २०२१ अशी दोन वर्षं बुडालेली टीटी त्या जूनमध्ये परत सुरू झाली होती. पीटर हिकमनने चार शर्यती मारल्या, मायकल डनलॉपने दोन, साइडकारच्या दोन्ही बर्चॉल बंधूंनी. यातलं अक्षरही त्या पेपरात नव्हतं. वर्षभरात या खेळावर छापलेली ती एकच बातमी, आणि तिच्यात मेलेल्या माणसाचं नाव चुकलेलं.

तर प्रश्न असा की मुख्य प्रवाहातल्या पेपरांना हा खेळ एरवी दिसतच नाही का? की दिसतो आणि नको असतो? तुमचे अनुभव लिहा.

खडूस काका (सोमवार, रात्री १०:०२)

स्पष्ट बोलतो, राग नसावा.

१९११ साली टीटी त्या डोंगरी मार्गावर गेली आणि त्याच वर्षी सरावात व्हिक्टर सरिज गेला. तेव्हापासून टीटी आणि मँक्स ग्रां प्री मिळून त्या एकाच रस्त्यावर २६० च्या वर स्पर्धक मेलेत. मग पेपरवाल्यांनी काय छापावं? 'हवामान छान होतं, सगळ्यांनी मजा केली'? मरण ही बातमीच आहे. कोण चार सेकंदांनी जिंकला याची फिकीर तुम्हा हौशी मंडळींना.

तुम्हाला बातमी नकोय, जाहिरात हवी आहे.

आडवातिडवा (सोमवार, रात्री १०:०९)

काकांनी पहिल्याच लॅपला गुडघा टेकवला. 😀

नवशिकी (सोमवार, रात्री १०:१५)

साइडकार म्हणजे जुन्या सिनेमात बाजूला टोपलीसारखं असतं तेच ना? त्यात बसून शर्यत???

वळणवेडी (सोमवार, रात्री १०:३८)

नवशिकी, टोपली विसरा. शर्यतीतली साइडकार म्हणजे जमिनीला चिकटलेला तीन चाकी पाट. चालवणारा गुडघ्यावर वाकलेला असतो आणि दुसरा, ज्याला 'पॅसेंजर' म्हणतात, तो काही बसून नसतो. वळण आलं की तो एकदा मागच्या चाकावर पालथा पडतो, एकदा बाहेर लोंबतो, डोकं रस्त्यापासून वीतभर. त्याने वजन टाकलं नाही तर गाडी वळत नाही. पेपरात 'मागे बसलेला सहप्रवासी' असं वाचलं की माझं डोकं फिरतं. फिरायला निघालाय का तो?

आता मूळ मुद्दा. मी एकदा टीटीला बालॉ ब्रिजपाशी उभी राहून शर्यत बघितली आहे. छोटासा कुबडासारखा पूल, गाड्यांची दोन्ही चाकं जमीन सोडतात. आधी लांबून नुसता आवाज येतो, तो मध्येच घरांमागे दबतो, मग एकदम समोर. गाडी उडते, धप्प करून उतरते आणि गेलीसुद्धा. दहा सेकंदांनी पुढची, कारण प्रत्येकाला दहा-दहा सेकंदांच्या फरकाने सोडतात. म्हणजे रस्त्यावर जो पुढे दिसतोय तो शर्यतीत पुढे असतोच असं नाही! पुलापाशी उभ्या असलेल्या आम्हा कुणालाही कोण जिंकतंय ते डोळ्यांनी कळत नव्हतं. ज्याच्या त्याच्या कानाला मँक्स रेडिओ. रेडिओवरचा माणूस सांगे, 'रॅम्झी गावापाशी दोन सेकंदांची आघाडी', आणि अख्खी गर्दी 'ओ...' करे.

तर मला वाटतं, पेपरांची खरी अडचण इथेच आहे. फुटबॉलचा गोल फोटोत दिसतो. ६०.७ किलोमीटरच्या फेरीतली दोन सेकंदं कशी दाखवणार? ती लिहावीच लागतात. आणि लिहायला माणूस तिथे पाहिजे.

पाचवा गियर (सोमवार, रात्री १०:५१)

काका, जाहिरात नकोय हो. मरणाची बातमी छापू नका असं मी कुठे म्हटलं? नाव तरी बरोबर छापा!

वळणवेडी, झकास. यावर वेगळा धागा काढाच.

मुद्राराक्षस (सोमवार, रात्री ११:४७)

बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं ते या धाग्यासाठी. एका दैनिकाच्या क्रीडा डेस्कवर पंधरा वर्षं उपसंपादक होतो. नाव सांगत नाही, ओळखणाऱ्यांनी ओळखावं आणि गप्प बसावं.

आधी नावाच्या चुकीबद्दल. आयोजकांच्या अधिकृत निवेदनात नाव आलं असेल तर डेस्क ते छापणारच. ती चूक पेपरची नव्हे. दुरुस्ती न छापणं मात्र शंभर टक्के आमच्या जातीचं पाप. कारण सांगतो. अपघाताची बातमी क्रीडा पानावर येतच नाही, ती 'जग'च्या पानावर जाते. दुरुस्तीची कॉपी आली तेव्हा ती क्रीडा डेस्कला गेली असेल. क्रीडावाला म्हणणार, 'ही बातमी आपण लावलीच नव्हती', जगवाल्याने ती पाहिलीच नसणार. दोन खुर्च्यांमध्ये सात-आठ फुटांचं अंतर असतं. त्यात अशा कितीतरी दुरुस्त्या पडून गेल्यात.

आता रविवारची रात्र कशी असते ते ऐका. फुटबॉलच्या चार लीगा, टेनिसची कुठलीतरी फायनल, फॉर्म्युला वन. पान एक किंवा दीड. त्यातला खालचा अर्धा भाग जाहिरातीने खाल्लेला. मोटोजीपीची, म्हणजे सर्किटवरच्या मोटरसायकल अजिंक्यपदाची, एजन्सी कॉपी साडेचारशे शब्दांची येते. मी ती उघडतो, पहिला परिच्छेद ठेवतो, बाकी उडवतो. मग उरलेल्या परिच्छेदातूनही 'मोटो२' आणि 'मोटो३' ही खालच्या गटांची प्रकरणं काढतो, कारण ती समजावायला आणखी दोन ओळी लागतात. शेवटी साठ शब्द उरतात. साडेदहाला पान सोडायचं असतं. दहा पंचवीसला जाहिरात विभागाकडून फोन येतो की आणखी एक छोटी जाहिरात आहे, आणि साठ शब्दांची चौकटच जाते.

द्वेष वगैरे काही नसतो. तो खेळ कापला म्हणून दुसऱ्या दिवशी एकाही वाचकाचा फोन येत नाही, बस्स.

एक कबुलीही देऊन टाकतो. मोटोजीपीच्या बातमीला मी एकदा मोटोक्रॉसचा, म्हणजे मातीतल्या शर्यतीचा, फोटो लावला होता. गाडी हवेत, मागे चिखलाचा फवारा, भन्नाट फोटो. तेव्हाही एकही फोन आला नाही.

आडवातिडवा (सोमवार, रात्री ११:५३)

हहपुवा. डांबरावर चिखल!

गणिती (मंगळवार, सकाळी ७:२०)

मुद्राराक्षस, तुम्हाला सगळं माफ, एकाच गोष्टीसाठी नाही. मैल आणि किलोमीटर.

२०२३ मध्ये हिकमनने टीटीचा फेरीविक्रम केला, सरासरी ताशी १३६.३५८ मैल. मी वाचतो त्या पेपरात छापून आलं, 'ताशी १३६ किमी वेगाने विक्रम'. माझा मेहुणा ते वाचून म्हणाला, 'ह्यॅ, एवढी तर माझी गाडीही जाते.'

अहो, ती ताशी २१९ किलोमीटरची सरासरी आहे. सर्वोच्च वेग नव्हे, सरासरी! गावातून, पुलावरून, दगडी भिंतींना खेटून, रॅम्झीच्या हेअरपिन वळणाला जवळजवळ थांबून. पूर्ण फेरी १६ मिनिटं ३६ सेकंदांत. आणि हे केलं कशावर? सुपरस्टॉक वर्गातल्या गाडीवर, म्हणजे शोरूममधल्या गाडीची जवळची बहीण. ही खरी बातमी होती आणि ती एका एककात मेली.

खडूस काका (मंगळवार, सकाळी ८:०५)

मेहुण्याला पाठवा एकदा तिकडे.

चक्रधर (मंगळवार, सकाळी ९:३१)

थोडा गोंधळ निस्तरतो. या धाग्यावरही दोन वेगळे खेळ एका पिशवीत पडलेत, मग पेपरवाल्यांना काय बोलणार.

'रोड रेसिंग' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एफआयएम या जागतिक मोटरसायकल संघटनेच्या लेखी डांबरावरची कुठलीही शर्यत म्हणजे रोड रेसिंग. मोटोजीपीचं औपचारिक नावही बरीच वर्षं 'रोड रेसिंग वर्ल्ड चॅम्पियनशिप ग्रां प्री' असंच होतं, जरी ती सगळी बंदिस्त सर्किटवर होते. ब्रिटन-आयर्लंडमधला माणूस मात्र रोड रेसिंग म्हणाला की त्याच्या डोळ्यांसमोर टीटी, नॉर्थ वेस्ट २००, अल्स्टर ग्रां प्री येतात. म्हणजे एरवी दूधवाला जातो तो रस्ता बंद करून लावलेली शर्यत.

आणि हा गोंधळ निव्वळ शब्दांचा नाही. १९४९ मध्ये जागतिक अजिंक्यपद सुरू झालं त्याची पहिलीच फेरी टीटी होती. १९७६ पर्यंत टीटी त्यात होती. १९७२ मध्ये पावसात १२५ सीसीच्या शर्यतीत जिल्बेर्तो पार्लोत्ती गेला. त्याचा मित्र जाकोमो आगोस्तिनी म्हणाला, आता पुन्हा इथे येणार नाही. हा तिथे दहा वेळा जिंकलेला माणूस बरं का. हळूहळू बाकीचे मोठे रायडरही यायचे थांबले आणि १९७७ पासून ब्रिटनची फेरी सिल्व्हरस्टोनच्या सर्किटवर गेली. त्या दिवसापासून हे दोन निराळे खेळ झाले. टीटीत कुणी गेलं की 'मोटोजीपीपटूचा मृत्यू' छापणाऱ्याला हे कुणीतरी सांगा.

रच्याकने, काकांच्या मुद्द्यात तथ्य आहे. पार्लोत्तीच्या मरणावर कुणी बोललंच नसतं तर टीटी आणखी किती वर्षं अजिंक्यपदात राहिली असती? रायडरांना मनाविरुद्ध तिथे जावं लागायचं, गुण हवे असायचे ना. आता जो जातो तो आपल्या मर्जीने जातो. मरणाच्या बातम्यांनीही खेळ बदलतो.

पाचवा गियर (मंगळवार, सकाळी १०:१२)

मान्य. पण मग त्या बातमीत 'का' असावं ना? मोटोजीपीत २०१८ पासून सूटमध्ये एअरबॅग सक्तीची झाली. गाडीवरून उडालेला रायडर जमिनीवर पडायच्या आत ती फुगते. किती पेपरांत वाचलंत? माणूस मेला की अकरा ओळी, माणसं मरू नयेत म्हणून काही केलं की शून्य.

वळणवेडी (मंगळवार, सकाळी ११:४४)

+१. आणि बायका आल्या की निराळीच तऱ्हा. २०१८ मध्ये आना कारास्कोने सुपरस्पोर्ट ३०० चं जागतिक विजेतेपद मिळवलं. एकेरी मोटरसायकलच्या रोड रेसिंगमध्ये जगज्जेती झालेली पहिली स्त्री, आणि तेही पुरुषांबरोबर एकाच ग्रिडवर. मला दोन ओळींची बातमी दिसली, त्यातला पहिला शब्द 'सौंदर्यवती'.

१९६२ मध्ये बेरिल स्वेनने टीटीत ५० सीसीची शर्यत पुरी केली, तर तिचा परवानाच काढून घेतला होता. त्या मानाने प्रगती आहे म्हणायची!

शेवटची फेरी (मंगळवार, दुपारी २:१८)

मला एक उलटं उदाहरण द्यायचंय. सगळे पेपर तसे नाहीत.

उत्तर आयर्लंडचे पेपर बघा, बेलफास्ट टेलिग्राफ किंवा न्यूज लेटर. तिथे या खेळाला पानं मिळतात, सरावाच्या वेळासुद्धा छापतात. कारण रायडर त्यांच्या गल्लीतला असतो. जोई डनलॉप हा बॅलीमनीचा माणूस, तिथे त्याचा पब होता. २००० च्या जूनमध्ये, वयाच्या ४८ व्या वर्षी, त्याने एका टीटीत तीन शर्यती जिंकल्या. टीटीत एकूण २६. महिन्याभरात, २ जुलैला, एस्टोनियात तालिनला १२५ सीसीच्या शर्यतीत पावसात गाडी घसरली आणि गेला. अंत्ययात्रेला पन्नास हजार माणसं लोटली.

त्याच्या मरणाचीही बातमीच झाली, पण तिकडच्या पेपरांना तो आधीपासून माहीत होता. हा माणूस स्वतः व्हॅन भरून रुमेनियाच्या अनाथालयांना सामान पोचवायला जायचा हे त्यांना मरणानंतर शोधावं लागलं नाही. पाचवा गियर, तुमच्या कात्रणाचं दुखणं हेच आहे. वाचकाची आणि त्या माणसाची पहिली भेटच मृत्युवार्तेत होते. नाव चुकलं तरी कुणाला खटकत नाही, कारण दोन्ही नावं सारखीच अनोळखी.

आता त्याच घरातलं पुढचं. मे २००८, नॉर्थ वेस्ट २०० चा सराव. जोईचा धाकटा भाऊ रॉबर्ट गेला, गुरुवारी. शनिवारी २५० सीसीच्या शर्यतीला रॉबर्टचा मुलगा मायकल गाडी घेऊन ग्रिडवर आला. वय १९. आणि जिंकला. दोन दिवसांपूर्वी त्याच रस्त्यावर बाप गेलाय! पुढे २०२४ मध्ये याच मायकलने काकाचा २६ विजयांचा विक्रम मोडला, चोवीस वर्षं टिकलेला. लिहिणाऱ्याला आणखी काय पाहिजे? ही गोष्ट साठ शब्दांतही मावते.

नवशिकी (मंगळवार, दुपारी २:४०)

शेवटची फेरी, काटा आला. पण त्याला धरायला नको का कुणी, शर्यतीला उतरण्याआधी?

शेवटची फेरी (मंगळवार, दुपारी ३:०५)

घरात तो वाद असणारच, आपण कोण बोलणार. पण एवढं खरं की याच घरातला विल्यम, मायकलचा थोरला भाऊ, २०१८ मध्ये आयर्लंडमधल्या स्केरीजला सरावात गेला. म्हणून त्यांच्यावर लिहिताना नुसती वाहवाही करवत नाही. काका बरोबर आहेत की पाचवा गियर, माझं तरी अजून ठरलेलं नाही.

खडूस काका (मंगळवार, दुपारी ४:१०)

मी बरोबर आहे. पुढे चला.

आडवातिडवा (मंगळवार, सायंकाळी ६:२२)

फक्त मरणच नाही हो, भांडणही चालतं पेपरांना. २०१५ ची मलेशियातली सेपांगची शर्यत आठवा! इटलीचा रॉसी आणि स्पेनचा मार्केझ वळणावर भिडले, मार्केझ पडला, आणि जगातल्या ज्या पेपरांनी आयुष्यात मोटोजीपी छापली नव्हती त्यांनी 'लाथ मारली का?' म्हणून फोटोवर गोल काढले. इटलीचे पेपर वाचावेत तर मार्केझने मुद्दाम अडवलं, स्पेनचे वाचावेत तर रॉसीने लाथ घातली. मी तो व्हिडिओ शंभर वेळा पाहिलाय. शंभरदा वेगळं दिसतं.

रॉसीला तीन दंडगुण मिळाले, व्हॅलेन्सियाच्या शेवटच्या शर्यतीला सगळ्यात मागून सुरुवात केली, चौथा आला आणि विजेतेपद गेलं लोरेन्झोला. लाथेवर चार कॉलम, लोरेन्झोवर चार ओळी. बिचारा अख्खं वर्ष गाडी चालवत होता.

चक्रधर (मंगळवार, सायंकाळी ७:०१)

पेपरांना चेहरा लागतो. बॅरी शीनचं बघा. मार्च १९७५ ला डेटोनात चाचणीच्या वेळी मागचा टायर गेला. मांडी, हात, गळ्याचं हाड, बरगड्या, सगळं मोडलं. नेमका टीव्हीचा चमू त्याच्यावर माहितीपट करायला हजर होता. रुग्णालयाच्या खाटेवरून सिगरेट मागणारा हसरा पोरगा घराघरांत पोचला आणि सात आठवड्यांत पुन्हा गाडीवर बसला. १९७६ आणि ७७ ला जगज्जेता. त्यानंतर त्याने शिंकलं तरी छापायचे.

उलट जोनाथन रे. सुपरबाइकची सहा सलग विजेतेपदं, माणूस सरळ, संसारी. २०१७ मध्ये बीबीसीच्या वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात दुसरा आला, तेव्हा पेपरवाल्यांनी 'हा कोण?' म्हणून लेख लिहिले. लोकांनी मतं दिली होती म्हणजे लोकांना माहीत होता. माहीत नव्हता तो यांना.

मुद्राराक्षस (मंगळवार, रात्री ११:२०)

चक्रधर, हे लागलं, आणि लागावं असंच आहे. वाचकाला काय माहीत असतं याचा अंदाज आम्ही आमच्यावरून बांधायचो. 'आपल्या वाचकाला यात रस नाही', हे वाक्य मी हजार वेळा बोललोय. कुणाला विचारून? कुणालाच नाही.

गणिती (बुधवार, सकाळी ७:०५)

मथळ्यांचा एक खेळ मांडू या का? या खेळाच्या बातमीत हमखास येणारे शब्द. मी सुरुवात करतो: थरार.

आडवातिडवा (बुधवार, सकाळी ७:३०)

वेगाचा बादशहा. वाऱ्याशी गप्पा.

वळणवेडी (बुधवार, सकाळी ७:५८)

'मृत्यूशी पाठशिवणी.' आणि कुणी बाई असली तर 'हम भी कुछ कम नहीं'.

खडूस काका (बुधवार, सकाळी ८:१५)

'काळजाचा ठोका चुकला.' कुणाचा? लिहिणाऱ्याचा? तो तर ऑफिसात बसलेला.

नवशिकी (बुधवार, सकाळी ८:२१)

काका 😂😂

स्पीडब्रेकर (बुधवार, दुपारी १२:४७)

आजवर वाचनमात्र होतो, आज लिहितो.

२४ ऑक्टोबर २०११ ला सकाळी मी पेपर उघडला. आत एक छोटी बातमी. सेपांगला मार्को सिमॉन्चेली नावाचा २४ वर्षांचा इटालियन रायडर दुसऱ्या फेरीत पडला आणि मागून येणाऱ्या दोघांना चुकवता आलं नाही. सोबत त्याचा फोटो. डोक्यावर केसांचं हे एवढं मोठं जंगल, हेल्मेट कसं घालत असेल असं वाटावं. मी तोवर मोटोजीपी हा शब्दही ऐकला नव्हता. त्या केसांमुळे नाव शोधलं. २००८ चा २५० सीसीचा जगज्जेता निघाला. त्याच्या जुन्या शर्यती बघितल्या, मग पुढच्या वर्षीच्या थेट बघितल्या, आणि आज चौदा वर्षं झाली, एकही रविवार चुकवलेला नाही. २०१६ मध्ये त्याचा ५८ नंबर कायमचा निवृत्त केला, तेव्हा मी घरात एकटाच उभा राहिलो होतो.

म्हणजे मृत्यूच्या सिंगल कॉलम बातमीनेच मला हा खेळ दिला. पाचवा गियर, तुमचा राग पटतो, पण त्या बातमीला मी नावं ठेवू शकत नाही. थोडी लाजही वाटते. तो मेला नसता तर मला कळलाच नसता.

पाचवा गियर (बुधवार, दुपारी १:३०)

स्पीडब्रेकर, लिहीत राहा हो. यावर मला उत्तर सुचत नाहीये.

एक करून बघू या का? मुद्राराक्षस म्हणाले साठ शब्द. एखादी शर्यत घ्या आणि खरंच तेवढ्यात लिहून दाखवा. कुणी मेलेलं नको, कुणी भांडलेलं नको. मुद्राराक्षस तपासतील.

वळणवेडी (बुधवार, रात्री ९:१५)

घ्या, माझा प्रयत्न. २८ सप्टेंबर २०२५, मोतेगी.

'मार्क मार्केझने जपान ग्रां प्रीत दुसरा क्रमांक मिळवून मोसमातल्या पाच फेऱ्या शिल्लक असतानाच मोटोजीपीचं विजेतेपद निश्चित केलं. शर्यत त्याचा डुकाटीतला सहकारी फ्रांचेस्को बन्यायाने जिंकली. होंडाचा जोआन मीर तिसरा आला. २०२० मध्ये हेरेथला उजवा दंड मोडल्यावर मार्केझवर चार शस्त्रक्रिया झाल्या. आधीचं विजेतेपद २०१९ चं होतं. सर्व गटांत मिळून त्याचं हे नववं जागतिक विजेतेपद आहे, रॉसीइतकंच. शर्यत संपल्यावर तो हेल्मेटमध्येच रडत होता.'

मुद्राराक्षस (बुधवार, रात्री ११:०८)

चांगली कॉपी आहे. आता सवयीने हात चालवतो, रागावू नका.

शेवटचं वाक्य आधी उडालं. (माझ्या जुन्या साहेबांना अश्रू चालत नसत.) 'सर्व गटांत मिळून' समजावायला जागा नाही, पण काढलं तर वाचकाला मोटोजीपीतलं सातवं की एकूण नववं हा घोळ होतो, म्हणून ठेवतो. 'पाच फेऱ्या शिल्लक असताना' ठेवतो. मीर काढला. आता फोन आला, जाहिरात आहे. बन्याया काढला.

'मार्क मार्केझने जपान ग्रां प्रीत पाच फेऱ्या राखून मोटोजीपीचं विजेतेपद निश्चित केलं. चार शस्त्रक्रियांनंतर मिळालेलं हे त्याचं सर्व गटांत मिळून नववं जागतिक विजेतेपद आहे.'

पंचवीसच्या आत. पान सोडलं.

वळणवेडी (बुधवार, रात्री ११:१२)

शर्यत कोण जिंकलं तेच उडवलंत??

मुद्राराक्षस (बुधवार, रात्री ११:१४)

आम्ही असेच होतो हो.

खडूस काका (बुधवार, रात्री ११:२६)

आणि मीर कसा काढता? होंडाच्या स्वतःच्या सर्किटवर होंडा तिसरी आली. मीरचा चार वर्षांतला पहिला पोडियम, होंडावरचा तर पहिलाच. दोन वर्षं बिचारा ती गाडी घेऊन नुसता पडत होता. शेवटी शेवटी बन्यायाच्या गाडीतून पांढरा धूर निघत होता, तेही नाही तुमच्या कॉपीत. काय पाहता काय तुम्ही लोक?

आडवातिडवा (बुधवार, रात्री ११:२८)

काका????

पाचवा गियर (बुधवार, रात्री ११:२९)

काका, तुम्ही शर्यत बघता?!

खडूस काका (बुधवार, रात्री ११:४०)

टीव्ही चालू होता. झोपा आता.

गणिती (गुरुवार, सकाळी ६:५५)

मुद्राराक्षस, फोटो कुठला लावलात?

मुद्राराक्षस (गुरुवार, सकाळी ९:१०)

चिखलाचाच. हाताशी तोच होता.